क्लोन विरुद्ध ओरिजिनल: स्टुडिओ गिअरची तुलना कोणत्या क्रमाने करावी

"क्लोन बरा आहे, पण ओरिजिनलचा दम नाही." रेकॉर्डिंगच्या कामात असलेल्या कोणालाही हे वाक्य पाठ असेल. ओरिजिनल म्हणजे गाजलेलं मूळ यंत्र, क्लोन म्हणजे त्याची नक्कल. ते बोलणाऱ्याला मी एकच विचारतो: लेव्हल जुळवली होती का? "साधारण सारखीच होती," असं उत्तर येतं. साधारण म्हणजे एखाद डीबीचा (डेसिबलचा) फरक, आणि एक डीबीने वर असलेलं कुठलंही यंत्र जास्त दमदारच वाटतं. विरुद्ध बाजूची माणसंही तितकीच घाईची. दोन्हींचे नॉब सारख्या आकड्यांवर ठेवायचे, एक टेक वाजवायचा आणि "काही फरक नाही" म्हणून मोकळं व्हायचं.

दोघांचीही चूक एकच आहे. ते दोन यंत्रांची म्हणून दोन वेगळ्या सेटिंगांची तुलना करत असतात. खालचा क्रम मी स्वतः वापरतो. टप्पे मागेपुढे करू नका. फायलींची लेव्हल जुळवण्याचा टप्पा शेवटाकडे आहे तो मुद्दाम, आणि इंटरफेस तपासण्याचा टप्पा आधी आहे तोही मुद्दाम.

सामान: इंटरफेसचा (कंप्युटरला आवाज नेणाऱ्या-आणणाऱ्या पेटीचा) एक मोकळा लाइन आउटपुट आणि एक मोकळा लाइन इनपुट, खात्रीच्या बॅलन्स्ड केबल, साधा मल्टिमीटर, लाउडनेस मीटर असलेलं डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), वही आणि नॉबचे फोटो काढायला फोन. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स मोजायला रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

## टप्पा १: प्रश्न ठरवा

"हा क्लोन ओरिजिनलसारखा वाजतो का?" हा एक प्रश्न. "माझं काम या क्लोनवर भागेल का?" हा दुसरा. पहिल्यासाठी ओरिजिनल समोर हवा, मोजमाप हवं, धीर हवा. दुसऱ्यासाठी ओरिजिनलची गरजही नाही. तुमच्या नेहमीच्या तीन-चार गाण्यांत आठवडाभर क्लोन वापरून बघितला की कळतं. बहुतेकांना खरं तर दुसरं उत्तर हवं असतं आणि ते भांडतात पहिल्यावरून. तुमचा प्रश्न दुसरा असेल तर सरळ टप्पा ४, ५, ६ आणि १० वाचा, बाकीचं सोडा.

## टप्पा २: समोरचा ओरिजिनल नक्की कोणता, आणि त्याची तब्येत कशी आहे

"११७६" हा कॉम्प्रेसर, म्हणजे जोरातला आवाज दाबून चढउतार कमी करणारं यंत्र. या एका नावाखाली बरीच यंत्रं आहेत. १९६७ पासून त्याची ए ते एच अशी रिव्हिजन्स झाली. सुरुवातीच्यांत क्लास ए आउटपुट, रिव्हिजन एफमध्ये आउटपुट पुश-पुल, रिव्हिजन जीमध्ये इनपुट ट्रान्सफॉर्मरच काढून टाकलेला. ब्लू स्ट्राइपची (पॅनलवर निळा पट्टा असलेल्या सुरुवातीच्या रिव्हिजनची) नक्कल असलेला क्लोन आणून तो रिव्हिजन जीशेजारी ठेवला, तर फरक ऐकू येणारच. तो क्लोनचा दोष नव्हे.

माइकांचं तेच. न्यूमनचा यू ८७ आला १९६७ मध्ये, यू ८७ एआय १९८६ मध्ये. नव्याची सेन्सिटिव्हिटी जुन्यापेक्षा सुमारे १० डीबी जास्त आहे. यू ४७ तर आणखी अवघड: त्याची व्हीएफ१४ ट्यूब बंद होऊन कित्येक दशकं झाली, त्यामुळे आज फिरणाऱ्या काही माइकांत तिच्या जागी नुव्हिस्टर (धातूच्या कवचातली छोटी ट्यूब) बसवलेला असतो. जुन्या एम७ कॅप्सूलचा पीव्हीसी पडदाही वयाने कडक होतो. अशा माइकाशी क्लोन जुळला नाही, तर नेमकं कोण कोणाशी जुळलं नाही?

तब्येत तपासताना हे बघा:

- इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर शेवटचे कधी बदलले? तीस-चाळीस वर्षांचे तसेच असतील तर बेस बारीक झालेला आणि हम वाढलेला असू शकतो.
- एलए-२ए या कॉम्प्रेसरमध्ये टी४ सेल (प्रकाशाने कॉम्प्रेशन चालवणारा भाग) मूळची आहे की बदललेली? तिच्यातलं प्रकाश देणारं पॅनल वापराने मंद होतं, आणि कॉम्प्रेशनची वागणूक बदलते.
- ११७६मध्ये सिग्नल नसताना मीटरचा काटा शून्यावर उभा राहतो का? राहत नसेल तर कॅलिब्रेशन बाकी आहे. आधी ते, मग तुलना.

सावधान: ट्यूबच्या यंत्रांत शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. झाकण उघडायचं काम जाणकाराचं.

## टप्पा ३: क्लोन कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

क्लोन म्हणून विकली जाणारी यंत्रं साधारण तीन प्रकारची असतात. एकात मूळ सर्किट जसंच्या तसं घेतलेलं असतं आणि ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, नॉब स्वस्तातले किंवा दुसऱ्या बनावटीचे असतात. दुसऱ्यात कल्पना तीच, पण आतला अँप्लिफायर आधुनिक चिपचा. तिसऱ्यात फक्त चेहरा सारखा: तेच रंग, तेच मीटर, आत भलतंच. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

ओळखायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. माहितीपत्रकात इनपुट आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा उल्लेख आहे का? दोन्ही बाजूंना आहे की एकाच? ट्यूब असेल तर ती खरोखर सिग्नलच्या वाटेवर आहे आणि पुरेशा व्होल्टेजवर चालते, की कमी व्होल्टेजवर नुसती रंगापुरती लावलेली आहे? आतला फोटो मिळाला तर ट्रान्सफॉर्मर डोळ्यांनी दिसतो.

माइकांच्या बाबतीत एक गोष्ट नेमकी बघावी, कारण "क्लोन कानाला टोचतो" ही तक्रार बहुतेक तिथूनच येते. यू ६७ आणि यू ८७ यांच्या घराण्यातली के६७ धाटणीची कॅप्सूल मुळातच वरच्या फ्रिक्वेन्सी जास्त देते. मूळ यू ६७चं सर्किट ती वाढ खाली आणतं. बऱ्याच स्वस्त माइकांत कॅप्सूल त्या घाटाची असते, पण सर्किट साधं, कपात न करणारं. मग स, श, च टोचू लागतात. तुमच्या क्लोनमध्ये ही कपात आहे का, एवढं कळलं तरी अर्धी तुलना आटोपली.

## टप्पा ४: वायरिंग आणि लेव्हल

दोन्ही यंत्रं सुरू करून अर्धा तास तशीच राहू द्या. ट्यूब असेल तर हे अनिवार्यच.

मग एकच आउटपुट आणि एकच इनपुट ठरवा. ओरिजिनल चॅनल ३ वर आणि क्लोन चॅनल ४ वर, असं करू नका. एकच जोडी ठेवा आणि केबल एका यंत्रातून काढून दुसऱ्यात लावा. कंटाळवाणं आहे, पण यामुळे कन्व्हर्टर, लेटन्सी आणि केबल दोघांनाही तंतोतंत सारखे मिळतात.

आता लेव्हल. ही यंत्रं ० व्हीयू (मीटरवरची नेहमीची लेव्हल) म्हणजे +४ डीबीयू (व्होल्टेजचं माप), म्हणजे १.२२८ व्होल्ट, या हिशोबाने बनलेली आहेत. तुमच्या डीएडब्ल्यूत कितीवर तेवढे व्होल्ट बाहेर येतात हे इंटरफेसवर ठरतं. "−१८ डीबीएफएस म्हणजे ० व्हीयू" हे पाठांतर सगळीकडे लागू नाही (डीबीएफएस म्हणजे डीएडब्ल्यूतल्या कमाल पातळीपासून मोजलेली लेव्हल). इंटरफेस कमाल +१८ डीबीयू देत असेल तर +४ डीबीयू −१४ डीबीएफएसवर येतं. +२२ देत असेल तरच −१८वर.

मोजायचं असं:

1. डीएडब्ल्यूत १०० हर्ट्झचा साइन टोन लावा. १ किलोहर्ट्झ नको. साधे मल्टिमीटर काहीशे हर्ट्झच्या वर एसी व्होल्ट खात्रीने दाखवत नाहीत.
2. आउटपुटच्या एक्सएलआर केबलच्या टोकाला पिन २ आणि पिन ३ मध्ये मीटर धरा.
3. १.२२८ व्होल्ट दिसेपर्यंत टोनची लेव्हल बदला. तो डीबीएफएस आकडा वहीत लिहा. तुमच्या खोलीतलं ० व्हीयू ते.

सर्वांना नडणारी बाब: ६०० ओम. जुन्या बऱ्याच यंत्रांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ६०० ओमच्या लोडसाठी बनवलेला असतो. आजच्या इंटरफेसचा लाइन इनपुट १० किलोओम किंवा जास्त. लोड न मिळाल्याने ट्रान्सफॉर्मर वरच्या टोकाला थोडा उसळतो. लोकांना ती "हवा" वाटते आणि ते ओरिजिनलला शाबासकी देतात. क्लोनच्या आत लोडचा रेझिस्टर आधीच असू शकतो, कधी मागे स्विच असतो. दोन्हींची मॅन्युअल उघडा आणि जिथे हवं तिथे पिन २-३ मध्ये ६०० ओमचा रेझिस्टर लावा. दोघांना सारखी वागणूक मिळाली की पुढे चला.

## टप्पा ५: चाचणीचा आवाज तयार करा

कॉम्प्रेसर आणि ईक्यू (इक्वलायझर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी वाढवणारं-घटवणारं यंत्र) यांच्यासाठी आधी रेकॉर्ड केलेली, कसलीही प्रक्रिया न केलेली फाइल वापरा. दोनदा गाऊन तुलना करू नका. कुठलाही गायक एकच ओळ दोनदा तशीच्या तशी गात नाही.

फाइलमध्ये एवढं असू द्या: हळू आणि जोरात दोन्ही असलेला गळा, बेस गिटार, मोकळा स्नेअर, आणि एखाद्या पूर्ण मिक्सचे वीस सेकंद. आधी एक टोनची पट्टी: १ किलोहर्ट्झचा टोन दोन सेकंद हळू, मग एकदम १० डीबी वर एक सेकंद, मग परत हळू दहा सेकंद. ही पट्टी पुढे सोन्यासारखी उपयोगी पडते. प्रत्येक भागाआधी एक टोकदार क्लिक ठेवा, म्हणजे फायली एकाखाली एक लावता येतात.

## टप्पा ६: रिकामी फेरी

मधलं यंत्र काढा, आउटपुट थेट इनपुटला जोडा आणि फाइल दोनदा रेकॉर्ड करा. एकीची पोलॅरिटी उलटवून (लाट उलटी करून) दोन्ही एकत्र वाजवा. जवळपास शांतता मिळायला हवी; यालाच नल होणं म्हणतात. नाही मिळाली तर क्लॉक, ड्रॉपआउट किंवा नकळत सुरू राहिलेला प्लगिन शोधा.

मग ओरिजिनल मध्ये घाला आणि त्याच सेटिंगवर दोनदा रेकॉर्ड करा. पुन्हा पोलॅरिटी उलटवून ऐका. उरलेला आवाज म्हणजे ओरिजिनलचा स्वतःशीच असलेला फरक. हा आकडा बहुतेक जण कधी काढतच नाहीत. क्लोन आणि ओरिजिनल यांच्यातला फरक याच्या जवळपास असेल तर चर्चा संपली.

मर्यादा: पोलॅरिटीची ही चाचणी निर्दय आहे. लेव्हलमध्ये फक्त ०.१ डीबी फरक राहिला, तरी उरलेला आवाज मूळच्या साधारण ३९ डीबी खाली येऊन थांबतो. १ डीबी राहिला तर १८ डीबी खालीच. ट्रान्सफॉर्मर दोन्ही टोकांना फेजही सरकवतात. त्यामुळे "नल झालं नाही, म्हणजे क्लोन वेगळा वाजतो" असा निष्कर्ष काढू नका. उलट निष्कर्ष, म्हणजे खोलवर नल झालं तर दोन्ही सारखे, तो मात्र पक्का.

## टप्पा ७: सेटिंग जुळवा, नॉबचे आकडे नव्हे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पोटेन्शिओमीटरमध्ये दहा-वीस टक्के फरक ही नेहमीची बाब आहे, त्यामुळे एकाच कारखान्यातली दोन यंत्रंही ४ च्या खुणेवर सारखी वागत नाहीत. मग क्लोनकडून ती अपेक्षा कशी ठेवणार?

### कॉम्प्रेसर

क्रम असा: रेशिओ (किती पटीने दाबायचं), मग रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ), मग इनपुट, मग अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ), शेवटी आउटपुट. रिलीज आधी का? गेन रिडक्शन (किती डीबी दाबलं जातं ते) सरासरी किती राहतं हे रिलीजवर अवलंबून आहे. तो नंतर हलवला तर इनपुट पुन्हा जुळवावा लागतो.

मीटरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, टोनची पट्टी रेकॉर्ड करून वेव्हफॉर्म बघा. ४:१ वर, हळू भागही थ्रेशोल्डच्या (जिथून दाबणं सुरू होतं त्या पातळीच्या) वर असेल तर आतली १० डीबीची उडी बाहेर सुमारे २.५ डीबीची दिसते. दोन्ही यंत्रांत ही उडी सारखी झाली की इनपुट जुळला. उडीनंतर लेव्हल परत वर यायला किती वेळ लागतो ते मोजा, त्यावरून रिलीज जुळवा.

११७६चा अटॅक मात्र स्क्रीनवर मोजायला जाऊ नका. तो २० ते ८०० मायक्रोसेकंद आहे, आणि ४८ किलोहर्ट्झला एक सँपलच जवळपास २१ मायक्रोसेकंदांचा असतो. स्नेअरवर ऐकून जुळवा. शिवाय त्याचे अटॅक-रिलीज उलटे चालतात: ७ म्हणजे सर्वांत वेगवान, १ म्हणजे सर्वांत मंद.

याच नॉबने माझी एकदा पुरती फजिती केली आहे. मला स्नेअरवर मंद अटॅक हवा होता, म्हणून दोन्ही यंत्रांचे अटॅक नॉब घड्याळाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवले. ओरिजिनलचा स्नेअर काय सुंदर उघडा आला! तिघं जण बसलो होतो, तिघांनी माना डोलावल्या. क्लोन त्यापुढे दबलेला वाटत होता. अर्ध्या तासाने माझं लक्ष मीटरकडे गेलं, काटा हलतच नव्हता. जुन्या ११७६चा अटॅक नॉब पूर्ण उलटा फिरवला की शेवटी "टिक्" करून ऑफ होतो, आणि कॉम्प्रेशन बंद पडतं. त्या क्लोनच्या नॉबला ती टिक् नव्हती. आम्ही अर्धा तास कॉम्प्रेशन नसलेल्या स्नेअरची तारीफ करत होतो. तेव्हापासून वेव्हफॉर्म बघितल्याशिवाय मी कोणाला माना डोलवू देत नाही.

एलए-२ए घराण्यात वेगळी गोम आहे: त्याला आठवण असते. टी४ सेल आधी किती आणि किती वेळ दाबली गेली यावर तिचा रिलीज बदलतो. मॅन्युअलनुसार पहिला अर्धा रिलीज सुमारे ०.०६ सेकंदात होतो, पूर्ण व्हायला अर्ध्यापासून पाच सेकंदांपर्यंत लागतात. म्हणून लागोपाठ घेतलेल्या दोन फेऱ्या एकसारख्या येत नाहीत. प्रत्येक फेरीआधी एक मिनिट शांतता ठेवा आणि फाइल नेहमी सुरुवातीपासूनच वाजवा. मधूनच प्ले दाबलं तर ती फेरी बाद.

### ईक्यू

आधी ईक्यू सुरू पण सगळं सपाट ठेवून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप घ्या. इथेच फरक दिसला तर तो ईक्यूचा नाही, ट्रान्सफॉर्मर किंवा मेकअप अँप्लिफायरचा आहे. त्याची नोंद वेगळी ठेवा.

मग एक-एक बँड. पल्टेक ईक्यूपी-१एच्या ० ते १० खुणा डीबी नाहीत, आकडा बघून उपयोग नाही. ओरिजिनलवर हवा तो बूस्ट लावून स्वीप घ्या, त्याची वक्ररेषा स्क्रीनवर ठेवा, आणि क्लोनचा नॉब ती रेषा गाठेपर्यंत फिरवा. पल्टेकमध्ये खालचा बूस्ट आणि कट एकाच वेळी लावायची पद्धत आहे. दोन्हींचे कोपरे एकाच फ्रिक्वेन्सीवर नसल्याने ते एकमेकांना खोडत नाहीत. खाली फुगवटा राहतो आणि त्याच्या वरच्या बाजूला खळगा पडतो. क्लोन इथे हमखास तपासा. एकेकटे बूस्ट जुळलेले क्लोन या जोडीत भलतीकडे खळगा पाडताना मी पाहिले आहेत.

नॉब कितीही फिरवून रेषा जुळत नसेल तर बाजूची फ्रिक्वेन्सी लावून बघा. ६० लिहिलेलं आहे म्हणून ६०च असेल असं नाही.

### प्रीअँप

एक माइक वाय केबलने दोन प्रीअँपना (माइकाचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या यंत्रांना) जोडू नका. दोन्हींचे इनपुट समांतर होतात आणि माइकाला १२०० ओमच्या जागी ६०० दिसतात. चांगला स्पीकर, त्याच्यासमोर स्टँडवर घट्ट बसवलेला माइक, आणि टप्पा ५ची फाइल. माइक न हलवता प्रीअँप बदला. केबल काढण्याआधी फँटम (माइकाला केबलमधून दिलेली वीज) बंद करा, मॉनिटर म्यूट करा.

नीव्ह १०७३ या प्रीअँपवर आणि त्याच्या क्लोनवर ही तीन कामं करा:

1. इनपुट इम्पिडन्स दोन्हीकडे सारखा आहे का बघा. मूळ यंत्रात ३०० किंवा १२०० ओम निवडता येतो. डायनॅमिक आणि रिबन माइकांवर फरक स्पष्ट ऐकू येतो.
2. स्वच्छ गेनवर एक फेरी. बहुतेक चांगले क्लोन इथे ओरिजिनलला चिकटूनच असतात.
3. मग लाल नॉब वर चढवा आणि आउटपुट फेडर खाली आणा. क्लोन आणि ओरिजिनल यांच्यात खरी फारकत झालीच तर इथे होते.

तिसऱ्या फेरीत बेस गिटार किंवा ५० हर्ट्झचा टोन वापरा, कारण ट्रान्सफॉर्मरचा गाभा खालच्या फ्रिक्वेन्सीवर आधी भरतो: व्होल्टेज तेवढंच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी केली की गाभ्यातला फ्लक्स दुप्पट होतो. लहान गाभ्याचा स्वस्त ट्रान्सफॉर्मर म्हणून लवकर धापा टाकू लागतो. कोणाला तो धापा टाकणारा आवाजच आवडतो, ते वेगळं.

### माइक

इथे पोलॅरिटीची चाचणी विसरा. १० किलोहर्ट्झची लाट जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि दोन कॅप्सूल एकाच जागी बसू शकत नाहीत.

एक माइक सरळ आणि दुसरा उलटा टांगा, जाळ्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या, दोन्ही पडदे एका उभ्या रेषेत. गायक निदान अर्ध्या मीटरवर. जवळून गायला लावलं तर तोंड ज्या माइकाकडे वळेल तो जिंकतो. पॅटर्न, पॅड, हायपास दोन्हींचे सारखे. एक टेक झाला की दोन्ही माइकांच्या जागा बदलून तोच तुकडा पुन्हा घ्या, आणि प्रीअँपचे चॅनलही अदलाबदल करा. जागा बदलल्यावर तुमचं मत बदललं, तर ते मत जागेचं होतं.

जवळून गाण्याची वेगळी फेरी घ्यायची असेल तर एका वेळी एकच माइक लावा.

सावधान: ट्यूब माइकांच्या पॉवर सप्लायची अदलाबदल करू नका. सात पिनांचा प्लग बसतो म्हणून पिनांवरचे व्होल्ट सारखे असतीलच असं नाही. आणि सप्लाय बंद केल्याशिवाय माइकाची केबल काढू नका.

## टप्पा ८: ऐकण्याआधीची शेवटची लेव्हल

सगळ्या फायली रेकॉर्ड झाल्यावर प्रत्येक जोडीची एकत्रित लाउडनेस एलयूएफएसमध्ये (कानाला जाणवणाऱ्या जोराच्या एककात) मोजा आणि ०.१ च्या आत आणा. पीकवरून जुळवू नका. कॉम्प्रेसर पीकच बदलतो. ईक्यूच्या जोडीत रेषा जुळलेली असली तरी मोजाच.

तपासणी: जुळवलेल्या फायलींची नावं बदलून त्या दुसऱ्या दिवशी उघडा. रेकॉर्ड करतानाच्या कानांनी निकाल देऊ नका, ते तोपर्यंत दमलेले असतात.

## टप्पा ९: डोळे झाकून ऐका

एबीएक्स चाचणी करा. फूबार२००० या म्युझिक प्लेअरमध्ये त्यासाठी घटक मिळतो. ए ओरिजिनल, बी क्लोन, एक्स या दोघांपैकी कुठलातरी. तुम्ही एक्स ओळखायचा. सोळा वेळा करा. सोळापैकी बारा बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. नऊ-दहा बरोबर म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. किती वेळा करायचं ते आधीच ठरवा. "आत्ता रंग चढला, आणखी चार घेऊ" असं करून आकडा गाठणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

आधी सोलो ऐका, कारण फरक तिथेच सापडतो. मग तोच ट्रॅक पूर्ण मिक्समध्ये घालून पुन्हा सोळा वेळा. सोलोत पंधरा आणि मिक्समध्ये आठ, असा निकाल फार वेळा येतो. मग निर्णय तुमच्या कामावर: एकटा गळा आणि एक गिटार एवढंच रेकॉर्ड करत असाल तर सोलोचा आकडा धरा, भरगच्च मिक्स करत असाल तर दुसरा.

फरक ओळखता आला म्हणजे ओरिजिनल चांगला असं आपोआप ठरत नाही. ओळखल्यावर, नाव न बघता, कुठला हवा ते वेगळं विचारा. माझं उत्तर गळ्यावर बऱ्याचदा ओरिजिनल आणि बेसवर दोनदा तरी क्लोन असं आलेलं आहे.

## टप्पा १०: जे फाइलमध्ये ऐकू येत नाही

आवाज पास झाला तरी यंत्र पास झालेलं नसतं.

क्लोनच्या दोन नगांत एकसारखेपणा आहे का? स्टिरिओसाठी जोडी घेणार असाल तर हा प्रश्न ओरिजिनलशी तुलना करण्यापेक्षा मोठा आहे. एकच मोनो फाइल दोन्ही नगांतून घ्या, टप्पा ७ प्रमाणे जुळवा, आणि नॉब किती वेगळ्या जागी थांबले ते बघा. मग दोन्ही डावी-उजवीकडे टाकून मिक्स वाजवा. मधला गळा एका बाजूला सरकत असेल, तर जोडी परत करा.

नॉब फिरवताना खरखर होते का, प्रत्येक बटण पूर्ण दाबलं जातं का, ११७६ धाटणीच्या यंत्रात चारही रेशिओ बटणं एकत्र दाबता येतात का? काही क्लोनमध्ये रेशिओला फिरता स्विच असतो आणि तिथे ही युक्ती वेगळ्या मार्गाने दिलेली असते किंवा नसतेच.

कमाल गेनवर, इनपुटला काहीही न लावता, एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा. हम ५० किंवा ६० हर्ट्झचा आहे की त्याच्या दुप्पट? वीजपुरवठ्याच्याच फ्रिक्वेन्सीचा असेल तर बहुधा ग्राउंड लूप किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. यंत्र रॅकमध्ये वर-खाली हलवून बघा. दुप्पट असेल तर संशय यंत्राच्या पॉवर सप्लायवर.

तीन तास सुरू ठेवून टोनची पट्टी पुन्हा रेकॉर्ड करा आणि सकाळच्या पट्टीशी ताडा. गरम झाल्यावर अर्धा डीबी सरकणारं यंत्र चालेल की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. दोन डीबी सरकणारं चालणार नाही.

आणि घेतलंच, तर पहिल्या दिवशीच्या या फायली, नॉबचे फोटो आणि वहीतला ० व्हीयूचा आकडा एका फोल्डरमध्ये जपून ठेवा. दोन वर्षांनी "हल्ली हा पूर्वीसारखा वाजत नाही" असं वाटेल, तेव्हा तीच फाइल त्याच सेटिंगवर पुन्हा त्यातून काढा. यंत्र दुरुस्तीला न्यायचं की नाही ते दहा मिनिटांत कळेल.